प्रक्षेपाचे इमान

सिंदखेड राजा तालुक्यातील दुसरबीड या गावाला समुद्र नाही. खारे पाणी पाहायचेच झाले तर लोणारच्या विवरापर्यंत जावे लागते, आणि तेथे गलबत चालत नाही. असे असता या गावचा, मराठी विषय घेऊन पदव्युत्तर शिक्षण पुरे केलेला एक तरुण गेली तीन वर्षे रात्री उशिरापर्यंत कॅरिबियन समुद्रात चाचेगिरी करतो आहे. वाऱ्याची दिशा पाहून शिडे बदलणे, शत्रूच्या जहाजाच्या बगलेला येऊन तोफा डागणे, दोर टाकून त्याच्या डेकवर उतरणे, हे सारे त्याला संगणकाच्या पडद्यावरच अवगत झाले आहे. एके दिवशी त्याने मला विचारले, "सर, जहाज जिंकलं की मालाची यादी येते. साखर किती, कापड किती, तोफा किती. पण त्या जहाजावरची माणसं कुठं जातात?"

प्रश्न खेळाच्या तंत्राविषयीचा असावा, असे मला प्रथम वाटले. तो तसा नव्हता. तो केवळ नीतीचाही नव्हता. कारण हा तरुण नुसता खेळत नव्हता, खेळात स्वतःचा एक नियम घालायला निघाला होता. संहिता कोणाची, तिच्यात भर घालण्याचा अधिकार कोणाला, आणि भर घालणाऱ्यावर कोणते उत्तरदायित्व येते, हा आपल्या पाठचिकित्सेतला जुना प्रश्न त्याच्या बोलण्यात दडलेला होता. ज्या वाङ्मयप्रकाराला आपले समीक्षाशास्त्र अजून दारातही उभे करीत नाही, तेथून तो यावा हे मला लक्षणीय वाटले.

ज्या खेळाविषयी तो बोलत होता त्याची कुळकथा थोडक्यात सांगणे अवश्य आहे. 'अकेला' या रशियन कंपनीने 'सी डॉग्ज' नावाचा सागरी साहसाचा खेळ काढला होता. त्याचा दुसरा भाग तयार होत असतानाच 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' हा चित्रपट यायचा होता; तेव्हा २००३ साली या दुसऱ्या भागाला चित्रपटाचेच नाव देऊन तो बाजारात आणला गेला. चित्रपटाच्या कथेशी त्याचे नाते नावापुरतेच. नायक वेगळा, कथानक वेगळे. म्हणजे मुखपृष्ठ एकाचे आणि पोथी दुसऱ्याची, असा हा मुळातच संकीर्ण जन्म. पण या खेळाचे एक वैशिष्ट्य असे की त्याचे बरेचसे नियम साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेले आहेत. ज्याला ती आज्ञाभाषा वाचता येते त्याला ते बदलताही येतात. जगभरच्या हौशी खेळाडूंनी ते बदलले, त्यांत भर घातली, ती एकत्र केली. आणि वर्षानुवर्षांच्या या बिनपगारी उद्योगातून 'न्यू होरायझन्स' या नावाचा एक प्रचंड 'मॉड' उभा राहिला. मूळ खेळ एका काळापुरता होता. मॉडमध्ये आरंभीच्या दर्यावर्दींपासून नेपोलियनच्या युद्धांपर्यंतचे अनेक कालखंड आले. नवी जहाजे आली, नवी कथानके आली. खलाशांचे वेतन, त्यांचे मनोबल, अन्नाचा साठा, लुटीची वाटणी यांचे नियम आले. परक्या राष्ट्राचे निशाण चढवून शत्रूला फसवण्याची सोय आली आणि ती फसवणूक ओळखली जाण्याची जोखीमही आली. आज हा खेळ खेळतो असे म्हणणारा पुष्कळदा मूळ संहिता खेळतच नाही. तो भाष्यासह, प्रक्षेपांसह, अनेक हातांनी लिहिलेली प्रत खेळतो.

प्रक्षेप हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो परका नाही. किंबहुना आपल्या प्राचीन वाङ्मयाचा अर्धा अभ्यास प्रक्षेप ओळखण्यातच गेलेला आहे. आणि प्रक्षेपाविषयी आपल्याकडे एक नव्हे, दोन नीती आहेत. पहिली एकनाथांची. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, त्यांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि जो कोणी तिच्यात आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, अशा आशयाची ताकीद दिली. संहिता पूर्ण आहे, वाचकाने ती स्वीकारावी, तिच्यात हात घालू नये, ही ती नीती. दुसरी नीती महानुभावांची. म्हाइंभटांनी सिद्ध केलेली लीळाचरित्राची मूळ प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत नष्ट झाली. ज्यांना ती मुखोद्गत होती त्यांच्या स्मरणावरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला आणि स्मरणे एकसारखी नव्हती. तेव्हा एकाचे स्मरण खरे ठरवून बाकीची टाकून देण्याऐवजी अमुकाचा पाठ असा, तमुकाचा तसा, हिराइसेचे म्हणणे याहून निराळे, अशी नोंद ठेवण्याचा मार्ग त्या परंपरेने स्वीकारला. ज्या ग्रंथातल्या काही लीळा लोणार-मेहकरच्या आसमंतातच घडतात, आणि ज्याची संपादित आवृत्ती १९७८ साली सिद्ध करणारे वि. भि. कोलते याच बुलढाणा जिल्ह्यातील नरवेलचे, त्या ग्रंथाची ही पद्धत दुसरबीडच्या विद्यार्थ्याला अभ्यासक्रमातून ठाऊक होती. मॉडच्या सोबत येणारी श्रेयनामावली, कोणता बदल कोणी केला याची लांबलचक टिपणे, ही त्याला पाठभेदांच्या नोंदींसारखी वाटली, असे तो म्हणाला. हे साम्य मला त्याने दाखवले. मी त्याला नव्हे.

या दोन नीतींत वाटतो तितका विरोध नाही, हेही सांगितले पाहिजे. एकनाथांनी ओवी घालू नका असे म्हटले खरे, पण आपण काय केले, कोणत्या शकात केले, हे सांगणाऱ्या स्वतःच्या ओव्या त्यांनी ग्रंथाच्या शेवटी जोडल्याच. म्हणजे त्यांचा रोष भर घालण्यावर नसून निनावी भर घालण्यावर आहे, दुसऱ्याच्या आवाजात आपले बोलणे मिसळण्यावर आहे, असे म्हणायला जागा आहे. प्रक्षेपकाचे पहिले इमान नाव सांगण्याचे. येथवर दोन्ही परंपरा एकत्र येतात आणि मॉडकारही बहुधा त्यांच्यात सामील होतो. १९६७-६८ च्या सुमारास बार्थ यांनी लेखकाचा मृत्यू जाहीर केला, तो आपल्या विद्यापीठांत दोन-तीन दशकांनी पोचला आणि मग वाचकाच्या स्वातंत्र्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. त्या स्वातंत्र्याला काही किंमत मोजावी लागत नव्हती. मॉडकाराला मात्र अर्थनिर्णयनाचे स्वातंत्र्य घेण्यापूर्वी हजारो ओळींची आज्ञावली समजून घ्यावी लागते. एक स्वल्पविराम चुकला तर जहाज बंदरातून हलत नाही. इतक्या काटेकोर वाचकाची कल्पना आमच्या वाचककेंद्री समीक्षेनेही केली नव्हती.

परंतु नाव सांगितले म्हणजे भागले काय? ग्रंथातील प्रक्षेप आणि खेळातील प्रक्षेप यांत एक मूलगामी भेद आहे, आणि माझ्या मते सारा नैतिक प्रश्न त्या भेदात आहे. प्रक्षिप्त ओवी वाचकाला सांगते. तो ती मानील, न मानील, गाळून पुढे जाईल. खेळातला नियम खेळणाऱ्याला सांगत नाही; तो त्याच्याकडून करवून घेतो. नियम गाळून पुढे जाता येत नाही, कारण पुढे जाण्याचा रस्ता नियमानेच आखलेला असतो. ओवी हे विधान आहे, नियम ही कृतीची अट आहे. म्हणून जो खेळात नियम घालतो त्याने जगाविषयी एक विधान केलेले असते, इतकेच नव्हे तर दुसऱ्याच्या हातून ते वदवून घेतलेले असते. त्याचे उत्तरदायित्व ओवी घालणाऱ्याहून जड आहे.

येथे एक आक्षेप संभवतो: खेळ तो खेळ, त्यात नीती कशाला? आक्षेप नवा नाही आणि मराठी माणसाने तो घ्यावा हे थोडे विचित्र आहे. ज्ञानदेवांच्या नावावर घातला जाणारा मोक्षपट आपल्याकडे होता. त्यात प्रत्येक शिडीला एका गुणाचे आणि प्रत्येक सापाला एका दोषाचे नाव होते, आणि फासा टाकणाऱ्याची सोंगटी त्या नावांवरून चढत-उतरत होती. पुढे याच जातीच्या पटांपासून इंग्लंडात बाजारी सापशिडी तयार झाली. हळूहळू गुणदोषांची नावे गळाली. साप उरले, शिड्या उरल्या. नियमाचे शरीर तेच, पण घसरण्याचे कारण नाहीसे झाले. हाही प्रक्षेपच, वजाबाकीचा. शंभर घरांच्या पटावर केवळ नावे पुसल्याने खेळाचे सारे तत्त्वज्ञान बदलते. मग खेळात तत्त्वज्ञान नव्हतेच, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आणि दुसरे उदाहरण तर अंगणातलेच आहे. लहान भावंड रडत मागे लागते. त्याला घेतले तर खेळ बिघडतो, न घेतले तर ते आईकडे जाते. तेव्हा पोरे त्याला 'कच्चा लिंबू' करून घेतात. तो पळतो, लपतो, ओरडतो. पण त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कोणत्याही पुस्तकात नाही. कोणा अनामिक पोराने तो कधीतरी खेळात घातला आणि पिढ्यान्‌पिढ्या टिकला. योहान हाइझिंगा यांनी 'होमो लुडेन्स' या १९३८ च्या ग्रंथात रडीचा डाव खेळणारा आणि खेळच मोडणारा असा भेद केला आहे. पहिला नियमाचा मान राखण्याचे नाटक तरी करतो. दुसरा खेळाचे रिंगणच नाकारतो. कच्चा लिंबू शोधून काढणारे पोर या दोहोंत बसत नाही. ते नियम मोडत नाही, चोरून वाकवतही नाही. सर्वांदेखत एक नियम वाढवते, आणि त्या वाढीचा हेतू जिंकणे हा नसून जो खेळाबाहेर राहिला असता त्याला आत घेणे हा असतो. मॉडकाराचा आदर्श मला हाइझिंगांच्या ग्रंथात सापडत नाही. तो या अंगणात सापडतो.

आता या कसोटीवर चाचेगिरीच्या खेळांतील नव्या वैशिष्ट्यांकडे पाहावे. मॉडकारांचा आवडता शब्द 'वास्तवता' हा आहे. वारा खरा हवा, तोफगोळ्याची कक्षा खरी हवी, शिडांची मोडतोड खरी हवी. खलाशांना पगार दिला नाही तर ते बिथरतात, अन्न संपले तर मनोबल ढासळते, लूट वाटली नाही तर बंड होते. हे सारे वास्तव आहे आणि मूळ खेळाच्या तुलनेत ते निश्चितच समृद्ध आहे. तथापि ही समृद्धी एकाच बाजूने वाढत जाते. सुकाणू ज्याच्या हातात आहे त्याच्या चिंता वास्तव होत जातात. ज्याच्यावर तोफ रोखली आहे त्याच्या वाट्याला वास्तवतेचा एक कणही येत नाही. वास्तववाद ही सत्याची बाजू नसून पुष्कळदा निवेदकाची बाजू असते, हे कादंबरीच्या समीक्षेने आपल्याला शिकवले आहे. येथे तेच नियमांच्या रूपात दिसते.

मूळ परंपराच तशी आहे. या प्रकाराचा आद्य ग्रंथ म्हणता येईल असा सिड मायर यांचा 'पायरेट्स!' हा खेळ १९८७ साली आला आणि २००४ साली नव्या रूपात पुन्हा आला. २००४ च्या आवृत्तीत साखर हा माल आहे. ती एका बंदरात स्वस्त घेऊन दुसऱ्यात महाग विकता येते. साखर पिकवणारा गुलाम मात्र कोठेच नाही. सतराव्या शतकातील कॅरिबियन बेटांचे अर्थकारण ज्या माणसांच्या पाठीवर उभे होते ती माणसे संहितेतून अलगद उचलून घेतली आहेत. निर्मात्यांचा हेतू चांगलाच असणार. गुलामांची खरेदी-विक्री खेळाचा आनंद म्हणून कोणापुढे ठेवावी? पण त्या सद्‌हेतूचा परिणाम असा की क्रौर्य नाहीसे न होता क्रौर्याचा बळी नाहीसा झाला. जहाज जिंकल्यावर काही खलाशी आपल्या बाजूला येतात. उरलेल्यांचे काय, हे खेळ सांगत नाही. दुसरबीडच्या तरुणाचा प्रश्न याच रिकाम्या जागेवर बोट ठेवणारा होता.

असे असूनही या खेळाला एक गोष्ट कळली होती, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. त्यात इंग्रज, स्पॅनिश, फ्रेंच आणि डच अशा चार सत्तांपाशी खेळणाऱ्याची पत निरनिराळी मोजली जाते. एकाच वेळी इंग्रज गव्हर्नर पदवी देतो आणि स्पेन डोक्यावर इनाम लावतो. 'चाचा' ही कोणाची जात नव्हे. ती एका दफ्तरातली नोंद आहे आणि दुसऱ्या दफ्तरात त्याच माणसासमोर दुसराच शब्द लिहिलेला असू शकतो, हे ज्ञान या नियमात अनुस्यूत आहे. 'न्यू होरायझन्स'ने खोट्या निशाणाचा नियम घालून ते आणखी धारदार केले. जहाज तेच, माणसे तीच, पण दुर्बिणीतून पाहणारा कोणते निशाण वाचतो यावर तुम्ही कोण हे ठरते.

मराठी वाचकाला या ठिकाणी कान्होजी आंग्रे आठवल्यावाचून राहणार नाहीत. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून अरबी समुद्रातल्या जहाजांना आपला परवाना घ्यायला लावत होते; ज्याच्यापाशी तो नसेल त्याचे जहाज जप्त होई. हा कायदा आणि याला विरोध ती चाचेगिरी. मराठ्यांच्या सरखेलाने कोकण किनाऱ्यावर तोच अधिकार सांगितला, आपले दस्तक घ्या म्हटले, आणि तो चाचा ठरला. १७१३ च्या करारानंतर शाहू महाराजांच्या राज्यात ज्याचे आरमारी पद मान्य होते, त्या माणसाच्या घराण्याविषयी क्लेमंट डाउनिंगने १७३७ साली पुस्तक लिहिले तेव्हा त्याच्या शीर्षकातच 'अँग्रिया द पायरेट' असे छापले. मुंबईतील नौदलाच्या तळाला 'आयएनएस आंग्रे' हे नाव मिळाले ते १९५१ साली. दरम्यान आंग्रे बदलले नव्हते, वाचणारी दुर्बीण बदलली होती. यात केवळ परक्यांना दोष देण्याचे कारण नाही. कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि पुढे सत्तावीस वर्षांनी त्यांचाच मुलगा तुळाजी पुणे दरबाराच्या लेखी बंडखोर होता. १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जाळले तेव्हा पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. तिसरे दफ्तर, तिसरा शब्द.

२००७ साली याच चित्रपटमालिकेच्या तिसऱ्या भागात हिंदी महासागराचा चाचा-सरदार म्हणून 'श्री संभाजी' अवतरतो, तेव्हा डाउनिंगचा पाठ पावणेतीनशे वर्षांनी निनावी प्रक्षेपाच्या रूपाने पुन्हा छापला जातो. त्याला कोणी करवंटी म्हटले नाही.

मग उपाय सोपा आहे असे वाटेल. मराठी मॉडकाराने कोकणचा नकाशा घालावा, सुवर्णदुर्ग, कुलाबा आणि खांदेरी घालावेत, चार सत्तांऐवजी सरखेलाचे दफ्तर हे पाचवे दफ्तर उघडावे, म्हणजे न्याय झाला. आमच्या देशीवादाला हे रुचण्याजोगे आहे, आणि त्या तरुणाचाही पहिला बेत हाच होता. मी त्याला एकच अडचण सांगितली. पाचवे दफ्तर उघडल्याने पाचव्या माणसाच्या हाती सुकाणू येते. परंतु ज्याच्या जहाजावर त्याचे लोक उतरतात त्याचे काय, हा त्याचा स्वतःचाच प्रश्न तसाच राहतो. दस्तक न घेतलेल्या गलबतावर कोण होते? बहुधा एखादा गुजराती नाखवा, काही खारवी, काही भंडारी, कोणा व्यापाऱ्याचा मुनीम. सरखेलाच्या दृष्टीने तो कायदा मोडणारा होता. त्याच्या स्वतःच्या दृष्टीने तो दोन कायद्यांच्या मध्ये सापडलेला माणूस होता. आपल्या वीराला पडद्यावर आणताना आपणही मालाची यादीच दाखवणार असू, तर डाउनिंगच्या आणि आमच्या पाठात फरक फक्त निशाणाचा राहील.

हे त्याला पटले नाही. तो म्हणाला, दोन्ही बाजू सारख्या कशा? एकजण आपला किनारा राखत होता, दुसरा दुसऱ्याचा किनारा लुटायला आला होता. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि मी ते येथे नोंदवून ठेवतो, कारण माझे उत्तर त्याला पुरेसे वाटले नाही. १६९५ साली हेन्री एव्हरीने सुरतेकडे परतणारे 'गंज-ए-सवाई' हे यात्रेकरूंचे जहाज धरले. हज करून परतणाऱ्या माणसांवर, विशेषतः स्त्रियांवर, जे अत्याचार झाले ते समकालीन मुघल इतिहासकाराने लिहून ठेवले आहेत. त्याच एव्हरीचा खजिना हा २०१६ च्या 'अनचार्टेड ४' या लोकप्रिय खेळाचा शोधविषय झाला. खजिना उरला, यात्रेकरू उरले नाहीत. एव्हरीला आणि कान्होजीला एकाच शब्दात बसवणे हा अन्यायच आहे. पण एका अन्यायाची दुरुस्ती म्हणून ज्या यंत्रणेने यात्रेकरू पुसले तीच यंत्रणा उसनी घ्यायची का, हा माझा प्रश्न होता.

बळी पडलेल्यांना नियमात आणण्याचा प्रयत्न झालेलाच नाही असे नव्हे. २०१३ च्या 'असॅसिन्स क्रीड ४: ब्लॅक फ्लॅग' या चाचेगिरीच्या खेळाला 'फ्रीडम क्राय' नावाची पुरवणी जोडली गेली. तिचा नायक स्वतः पूर्वी गुलाम असलेला माणूस आहे आणि मळ्यांवरच्या, जहाजांवरच्या गुलामांना सोडवणे हे त्याचे काम आहे. हेतूबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण सोडवलेल्या माणसांची संख्या मोजली जाते आणि त्या संख्येनुसार खेळणाऱ्याला नवी आयुधे व सोयी खुल्या होतात. म्हणजे ज्यांना माल म्हणून विकले जात होते त्यांना सोडवतानाही त्यांची मोजणी मालासारखीच झाली, फक्त हिशेबाची वही बदलली. समीक्षकांनी त्यावर टीका केली ती योग्यच होती. मात्र ही चूक लेखकाच्या असंवेदनशीलतेची नसून माध्यमाच्या व्याकरणाची आहे, हे तिच्यात पुरेसे आले नाही असे मला वाटते. खेळाचा नियम मोजतो. जे मोजता येत नाही त्याला नियमात शिरण्यासाठी आधी आकडा व्हावे लागते. सिड मायर यांनी माणसे गाळली आणि 'फ्रीडम क्राय'ने ती मोजली. या दोन टोकांच्या मध्ये मॉडकाराला जागा आहे का?

मला वाटते, थोडी आहे, आणि ती मोजणीच्या थांबण्यात आहे. कच्चा लिंबू खेळात असतो पण त्याचे गुण लिहिले जात नाहीत. त्याच्या असण्याने कोणाची धावसंख्या वाढत नाही, उलट सर्वांना थोडे हळू पळावे लागते. ज्या नियमाने खेळणाऱ्याला काहीही मिळत नाही, फक्त थांबावे लागते, तो नियम खेळाच्या अर्थकारणाबाहेर राहूनही खेळाच्या आत राहतो. खेळाडू म्हणतील की याने रंगाचा बेरंग होतो. होतो. शोकांतिकेतही काही प्रसंगी कथानक पुढे सरकत नाही, कोणी नुसते उभे राहून रडते, आणि त्या थांबण्याला आपण दोष म्हणत नाही.

मधल्या काळात त्या तरुणाने आपला मॉड केला. कोकणचा नकाशा काही जमला नाही. त्याला लागणारे चित्रकाम एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. त्याने केले ते एवढेच: जहाज जिंकल्यावर मालाची यादी येण्यापूर्वी पडद्यावर एक पान येते. त्यावर त्या जहाजावरच्या माणसांची नावे असतात, कोण कोणत्या गावचा, जहाजावर काय काम करी, इतकेच. पान अर्धा मिनिट राहते. ते बंद करायला बटण नाही. वाचल्याने गुण मिळत नाहीत आणि न वाचल्याने जात नाहीत.

नावांचा प्रश्न त्याला सर्वांत कठीण गेला. खरी नावे मिळत नाहीत; खोटी घालणे म्हणजे पुन्हा प्रक्षेप. मी त्याला सुचवले की नावांच्या जागा कोऱ्या ठेवाव्यात, फक्त कामे लिहावीत. त्याने ते ऐकले नाही. नाव नसले की माणूस पुन्हा संख्या होतो, असे त्याचे म्हणणे. शेवटी त्याने नावे कल्पिली, पण पानाच्या तळाशी एक ओळ घातली की ही नावे नोंदींत सापडलेली नसून दुसरबीड येथे कल्पिलेली आहेत, आणि पुढे स्वतःचे नाव व वर्ष लिहिले. एकनाथांची आठवण मला झाली. त्याला झाली की नाही हे विचारले नाही.

एका बाबतीत मात्र तो अजून अडलेला आहे. त्याने हा खेळ प्रथम खेळला तो कोणा मित्राने दिलेल्या विनापरवाना प्रतीवर, हे त्याने आपणहून सांगितले. नंतर त्याने पैसे भरून प्रत घेतली. पण पहिल्या प्रतीवर शिकलेल्या ज्ञानातून मॉड झाला, तेव्हा आपणही चाचेच, असे तो अर्धवट थट्टेत म्हणतो. १९८७ च्या 'पायरेट्स!'मध्ये एक गंमत होती: आरंभी खेळणाऱ्याला स्पॅनिश खजिन्याचा ताफा कोणत्या बंदरात केव्हा येतो असे विचारले जाई, आणि उत्तर छापील पुस्तिकेत असे. ज्याच्यापाशी विकत घेतलेली प्रत त्याच्यापाशीच ती पुस्तिका. म्हणजे चाच्याची भूमिका घेण्यापूर्वी आपण चाचे नाही हे सिद्ध करावे लागे. हा परवाना पोर्तुगीजांचा की सरखेलाचा, असे त्याने मला विचारले आहे, आणि ज्याच्या गावापर्यंत दस्तक विकणारा कधी पोचलाच नाही त्याने ते घेतले नाही तर त्याला काय म्हणायचे, असेही. विकत घेण्याची ऐपत आल्यावर त्याने ते घेतले, यावरून त्याचे स्वतःचे उत्तर काय आहे ते दिसते. पण इतरांसाठी ते उत्तर लागू करायला तो तयार नाही.

मॉड त्याने ओळखीच्या पाच-सहा जणांना दिला. त्यांपैकी एकाने आठवड्यात त्याला कळवले की पान फार वेळ थांबते म्हणून आपण ते तीन सेकंदांवर आणले आहे, फाइल सोबत पाठवत आहे. दुसऱ्याने पान तसेच ठेवून एका खलाशाच्या नावापुढे आपल्या आजोबांचे नाव घातले. त्याने दोन्ही फाइली जपून ठेवल्या आहेत. कोणत्या पाठात काय निराळे आहे आणि ते कोणी केले, हे प्रत्येकीच्या पहिल्या ओळीत लिहून. तीन सेकंदांच्या पाठाविषयी माझे मत त्याने विचारले तेव्हा मी तो टाकून द्यावा असे म्हणालो. त्याने तो टाकलेला नाही.